मॅक्सिस आर्डेंट : मुरमाड वाटांवरचा मागचा टायर

माउंटन बाइक घेताना गिअर आणि शॉकबद्दल तासभर चौकशी होते. टायर मात्र कंपनीने लावून दिला तोच गुळगुळीत होईपर्यंत चालतो. खरं तर उतारावर सायकल कुठे वळेल आणि कुठे थांबेल हे टायर आणि त्यातली हवा यांवरच ठरतं. म्हणून हा आढावा एकाच टायरचा आहे, तैवानच्या मॅक्सिस कंपनीच्या आर्डेंटचा.

निकाल आधीच सांगतो. पावसाळा सोडून पुण्या-साताऱ्याकडच्या टेकड्यांवर, म्हणजे मुरूम, सुटे खडे, उघडा कातळ आणि मधे डांबर अशा वाटांवर, मागच्या चाकासाठी हा टायर उत्तम आहे. पुढच्या चाकावर तो चालतो, पण त्याच्या मर्यादा माहीत असायला हव्यात.

हा बटण टायरच आहे, म्हणजे वर रबराचे उंचवटे असलेला, पण मधली बटणं बुटकी आहेत आणि जमिनीला आधी टेकणारी त्यांची कड उतरती कापलेली आहे. त्यामुळे डांबरावर तो कमी घरघरतो आणि पायडलला कमी जोर लागतो. टेकडीचा पायथा गाठायलाच दहा-पंधरा किलोमीटर डांबर असेल, तर हा फरक पायांना चांगलाच कळतो. बटणाची दुसरी कड सरळ आहे. ब्रेक दाबल्यावर माती तीच धरते. उतरत्या कडेमुळे अगदी उभ्या, भुसभुशीत चढावर मागचं चाक पकड सोडून थोडं लवकर जागीच फिरतं. अशा ठिकाणी सीटवरून उठू नका. सीटच्या टोकाशी सरकून बसा आणि हलक्या गिअरवर एकसारखं पायडल मारा.

खरी गोम वळणावर आहे. मधली बटणं आणि कडेची मोठी बटणं यांच्यात मोकळी जागा आहे. सायकल अर्धवट कलली की टायर त्या मोकळ्या जागेवर येतो आणि सुट्या खड्यांवर बोटभर सरकतो. अजून थोडी कलली की कडेची बटणं जमीन पकडतात. मागचं चाक असं सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर बहुतेक वेळा पडायलाच होतं. म्हणून वेगाने उतरणाऱ्यांनी पुढे त्याच कंपनीचा मिनियन डीएचएफ हा टायर लावावा. सावकाश उतरणाऱ्यांना दोन्ही चाकांवर आर्डेंट पुरतो. फक्त पुढे २.४० इंच रुंदीचा आणि मागे २.२५ इंच रुंदीचा घ्यावा आणि वळताना शरीर सरळ ठेवून सायकल नीट कलवावी, बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबून.

काळ्या मातीत मात्र हा टायर नेऊच नये. पहिल्या सरीनंतर चिकण माती बटणांमध्ये भरते, शंभर मीटरमध्ये चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि माती फ्रेमला घासून चाक अडतं. मागे २.४० बसवायचा असेल तर टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर जागा उरते का, ते आधी पाहावं.

विकत घेताना टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. आर्डेंट नावाखाली तारेच्या कडेचा साधा टायरही मिळतो. तो घडी होत नाही आणि ट्यूबलेससाठी नसतो. ‘टीआर’ म्हणजे ट्यूबलेस करता येणारा, आणि ‘एक्सो’ म्हणजे बाजूच्या भिंतीला काप जाऊ नये म्हणून जादा थर दिलेला. आपल्याकडे एक्सो हवाच. कोकणातल्या सड्यांवर जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू चिरतात, आणि बाजूचा काप कुठल्याही सीलंटने, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये घालायच्या द्रवाने, बुजत नाही. आकारातही गल्लत होते. २९ इंची रिमवर ६२२ आणि साडेसत्तावीस इंचीवर ५८४ हा आकडा असतो. रिमवर आणि टायरवर तोच आकडा आहे याची खात्री करा.

आता ट्यूबलेसबद्दल, कारण या टायरची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. आपल्याकडे वैरी दोन, बाभळीचा काटा आणि सराटा. पावसाळा संपला की वाटेच्या कडेचे सराटे वाळतात, आणि ते कसेही पडले तरी एक टोक वर राहतं. ट्यूब असेल तर एका सकाळी दोन-तीन पंक्चर ठरलेली. सीलंट असेल तर काटा घुसतो, पांढरा थेंब बाहेर येतो, आणि चाक दोन-चार फेरे फिरेपर्यंत भोक बुजतं.

बसवताना रिम ट्यूबलेससाठी बनवलेली आहे ना, हे आधी बघा. स्वस्त सायकलींच्या रिम बहुधा तशा नसतात, आणि त्यांना व्हॉल्वचं भोकही मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वचं असतं. तिथे जुगाड करण्यापेक्षा ट्यूबच बरी. रिम योग्य असेल तर स्पिरिटने पुसून कोरडी करा. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिलिमीटर रुंद टेप ताणून लावा आणि व्हॉल्वच्या भोकावर दहा सेंटिमीटर दुहेरी येऊ द्या. हवा धरत नसलेल्या ट्यूबलेस चाकात दोष बहुतेक वेळा टेपखालच्या सुरकुतीत सापडतो. टायर बाणाच्या दिशेने चढवा, दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात सरकवा, कडांना साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्वचा गाभा काढून कॉम्प्रेसरने जोरात हवा सोडा. पंक्चरवाल्याचा किंवा पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर चालतो, पण पातळ व्हॉल्वसाठी पितळी अॅडॅप्टर सोबत न्या. ‘टक्, टक्’ असा आवाज आला की कडा बसल्या. टायर आणि रिमवर छापलेल्या कमाल दाबापुढे कधीही जाऊ नका. मग हवा सोडून व्हॉल्वमधून सीलंट घाला, २.२५ ला १०० मिलिलिटर आणि २.४० ला १२० मिलिलिटर. गाभा परत लावा, हवा भरा, आणि चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवा.

लॅटेक्सचं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवल्यावर खळखळ ऐकू आली नाही तर ५०–६० मिलिलिटर घालायची वेळ झाली. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांनी हवा भरणं टाळा, त्या वायूने लॅटेक्सच्या गुठळ्या होतात. काटा ओढून काढायचा असेल तर आधी तो जागचाच राहू देऊन चाक फिरवा, भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमेल, आणि मगच काढा. मोठ्या भोकाला सायकलसाठीचीच बारीक स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायची चिकट पट्टी, वापरा. गाडीच्या टायरचं पंक्चर काढायचा जाड सुया इथे आणखी मोठं भोक पाडतो.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नये. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने ट्यूबलेस आर्डेंटमध्ये पुढे २२–२४ आणि मागे २५–२७ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) ठेवून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४ वाढवा. दगडावर रिम आदळल्याचा ‘ठक्’ आवाज आला तर २ वाढवा. चाळीस-पन्नास भरून टेकडीवर गेलात तर सायकल प्रत्येक खड्यावर उडेल आणि दोष टायरला लागेल.

घरच्यांबरोबर जायचं असेल तर आकडे बदलतात. मागे मुलाची सीट लावली असेल तर मागच्या चाकात ३–४ पीएसआय जास्त भरा, आणि वाट रुंद, बिनदगडाचीच निवडा, कारण वजन उंचावर गेल्याने सायकल वळणावर उशिरा कलते. मुलांच्या २० आणि २४ इंची सायकलींत दुकानातून चाळीसच्या आसपास हवा भरून येते. पंचवीस-तीस किलोच्या मुलाला ट्यूब असताना १८–२० पुरे. एवढ्या एका बदलाने मूल खड्यांवर घाबरायचं थांबतं. त्याहून खाली गेल्यास ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन दोन समांतर चिरा पडतात, तेवढं जपा.

सोबत एक ट्यूब आणि जुन्या टायरच्या बाजूचा ५ बाय ३ सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. बाजू चिरली तर तो तुकडा आतून लावून वर ट्यूब भरायची. पण ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. सीलंटने बुजवलेले दहा-वीस काटे तिथे टोक वर करून बसलेले असतात, आणि एकही राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर होते.

मागची मधली बटणं डांबरावर आधी झिजतात. दोन्ही चाकांवर आर्डेंट असेल आणि पुढच्याचा आकार मागे मावत असेल, तर तो मागे घ्या आणि नवा टायर नेहमी पुढे लावा.