वरातीमागून आलेले घोडे : तेलमंदीतल्या आउटप्लेसमेंट सेवेचा अनुभव

तेलविहिरींच्या खोदकामाला मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवायचा द्रव (ड्रिलिंग फ्लुइड), पुरवणाऱ्या एका सर्व्हिस कंपनीने २०१६ च्या सुरुवातीला मला कामावरून कमी केले. तेव्हा हातात आलेल्या पाकिटात नोटिशीच्या पगाराचा हिशोब, सही करून परत द्यायचे एक पत्र आणि ९० दिवसांच्या आउटप्लेसमेंट सेवेची माहिती अशी तीन कागदपत्रे होती. नारळ मिळालेल्या माणसाला ही सेवा नवी नोकरी लावून देत नाही. नोकरी शोधताना त्याला मदत व्हावी म्हणून जुन्या मालकाने पैसे भरून नेमलेली ती त्रयस्थ संस्था असते. हा फरक माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले.

सेवेत एक ऑनलाइन पोर्टल, सल्लागाराबरोबर तासाभराच्या सहा बैठका, बायोडेटा नव्याने लिहून घेणे, मुलाखतीचा सराव आणि दर आठवड्याला एक वेबिनार होता. वेबिनारबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आत्मविश्वास, सकारात्मकता आणि सकाळी लवकर उठण्याचे फायदे यांवर तिथे बरेच बोलले गेले. पण जून २०१४ मध्ये पिंपामागे ११० डॉलरच्या वर असलेले ब्रेंट तेल (जागतिक भाव ठरवताना प्रमाण मानले जाणारे कच्चे तेल) जानेवारी २०१६ मध्ये २८ डॉलरच्याही खाली का आले, याचा उल्लेख एकदाही झाला नाही. अमेरिकेतील शेल तेलाने, म्हणजे शेल खडक फोडून काढलेल्या तेलाने, बाजार भरून वाहत असताना २७ नोव्हेंबर २०१४ च्या बैठकीत तेल निर्यातदार देशांच्या ओपेक या संघटनेने उत्पादन न घटवण्याचे ठरवले आणि त्यानंतर भाव आणखी कोसळले, एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी समोर बसलेल्या माणसांपैकी काहींनी स्वतःच्या कामात खोट शोधणे थांबवले असते.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बायोडेटा, आणि त्याचे श्रेय संस्थेपेक्षा मला मिळालेल्या सल्लागाराला आहे. ते स्वतः १९८६ च्या तेलाच्या भावघसरणीत रिगवरून, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवरून, घरी बसलेले गृहस्थ होते. माझ्या जुन्या बायोडेटात मडचे वजन, बॅराइटचा (मड जड करणाऱ्या खनिज भुकटीचा) वापर, किक (खालच्या खडकातून विहिरीत अचानक घुसणारा वायू किंवा द्रव) हाताळल्याचा अनुभव असे सगळे आमच्याच बोलीत लिहिलेले होते. त्यांनी ‘किक हाताळली’ या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाले, “त्या रात्री काय झाले ते मला सांगा, विहिरीचे सांगू नका, तुमचे सांगा.” मी सांगितले, की पहाटे दोनच्या सुमारास पिटमधील, म्हणजे मडच्या टाकीतील, मडची पातळी अचानक वाढू लागली, विहीर बंद करावी लागली, आणि दाबाच्या नोंदीवरून मडचे वजन किती वाढवायचे हे ठरल्यावर बॅराइट मिसळून तेवढ्या वजनाचे मड तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. तुमचा आकडा चुकला असता तर किती जणांच्या जिवावर बेतले असते, आणि तुमच्या नोंदी कोण तपासत असे, एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारले. तासाभरात त्या दोन शब्दांच्या जागी दाबाखालील यंत्रणेत रसायनांचे प्रमाण राखणे, ठरलेल्या वेळी चाचण्या घेणे आणि रात्रपाळीत एकट्याने तांत्रिक जबाबदारी सांभाळणे या तीन ओळी आल्या, ज्या रिग कधीही न पाहिलेल्या माणसालाही समजतील. हे मला स्वतःला कधीच सुचले नसते.

पोर्टलचे मात्र उलट होते. ‘ड्रिलिंग’ हा शब्द वाचून त्या यंत्रणेने मला एकदा दातांच्या दवाखान्यातील उपकरणे विकण्याची नोकरी सुचवली, ते हसून सोडून देता येईल. पण बाकीच्या जाहिराती तेलक्षेत्रातल्याच, आणि त्यातल्या कित्येक महिनोन्महिने न भरलेल्या जागांच्या होत्या. भाव पडले की चालू विहिरीतून तेल काढणे बहुधा सुरूच राहते, कारण ती खणण्याचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. थांबते ते नव्या विहिरींचे खोदकाम. म्हणून पहिली कुऱ्हाड शोधकार्य, खोदकाम आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांवर पडते. अमेरिकेत नोव्हेंबर २०१४ मध्ये १,९०० हून अधिक रिग चालू होत्या, त्या मे २०१६ मध्ये ४०४ वर आल्या. एवढे रिग थांबल्यावर त्यांवरचे मड इंजिनिअर, डेरिकमन (रिगच्या मनोऱ्यावर काम करणारे) आणि वायरलाइनवाले (तारेने विहिरीत मोजमापाची उपकरणे सोडणारे) एकाच वेळी त्याच मोजक्या जागांसाठी अर्ज करतात, आणि अशा वेळी शोध अधिक चतुराईने कसा करावा हे शिकवणारे पोर्टल फारसे उपयोगी पडत नाही. हिशोब, खरेदी किंवा संगणक विभागातून कमी झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना त्याच पोर्टलवर बरे पर्याय मिळाले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांचे काम कोणत्याही उद्योगाला कळते.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. पाकिटातल्या त्या पत्रावर सही केली की कंपनीवर पुढे कोणताही दावा करता येणार नव्हता. सही करण्यापूर्वी काय पाहावे, असे मी पहिल्याच बैठकीत विचारले, तेव्हा सल्लागार काही क्षण गप्प राहिले आणि या विषयावर बोलण्याची मला परवानगी नाही, तुम्ही वकिलाला दाखवा, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. सेवेचे पैसे जो भरतो तोच तिचा ग्राहक, आणि तो मी नव्हतो. त्याचप्रमाणे, समुद्रातील रिगवर जाण्यासाठी लागणाऱ्या बोसिएट या सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची मुदत ४ वर्षे असते, नोकरीत असताना त्याचा खर्च कंपनी करते आणि बेकारीत मुदत संपली तर तो स्वतःच्या गंगाजळीतून करावा लागतो. मला सहा वेबिनारपेक्षा त्या एका नूतनीकरणाचा अधिक उपयोग झाला असता, पण तशी सोय नव्हती.

त्यामुळे सेवेऐवजी तेवढी रोख रक्कम घेण्याचा पर्याय असेल, तर खोदकामाच्या बाजूच्या माणसाने तो घ्यावा, असे माझे मत आहे. पर्याय नसेल तर निदान सेवा सुरू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी. माझे ९० दिवस नोकरी गेली त्याच दिवसापासून मोजले गेले, आणि त्यातले पहिले तीन आठवडे घरच्यांना काय आणि कसे सांगावे यातच गेले.

पुढे सांडपाणी शुद्धीकरणाच्या एका प्रकल्पात जागा असल्याचे एका जुन्या डेरिकमनने फोन करून कळवले, पोर्टलने नव्हे. पॉलिमरचे प्रमाण, पीएच, पाण्यातील घन कण हे सगळे माझ्या ओळखीचे होते, आणि बायोडेटाच्या त्या तीन ओळी वाचूनच मला मुलाखतीला बोलावले गेले. बोलावणे ९७ व्या दिवशी आले. सरावाच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे म्हणून मी पोर्टल उघडले, तर खाते आठवड्यापूर्वीच बंद झाले होते आणि पडद्यावर सेवेबद्दल आपला अभिप्राय कळवा, एवढीच एक ओळ होती.