पूर्ण कच्चा आहार की अर्धा कच्चा: कोकणात राहून निर्णय घेणाऱ्यांसाठी तुलना

अंगातील मरगळ जावी आणि दिवसभर कामाची ताकद टिकावी म्हणून कच्च्या आहाराचा विचार करणाऱ्यापुढे प्रत्यक्षात दोन अगदी वेगळे मार्ग असतात. पहिला पूर्ण कच्च्या आहाराचा, ज्यात साधारण 46 ते 48 अंश सेल्सिअसच्या वर तापवलेला कोणताही पदार्थ चालत नाही. म्हणजे भात, भाकरी, आमटी, चहा आणि शिजवलेले मासे हे सगळेच बंद होते. दुसरा अर्ध्या कच्च्या आहाराचा, ज्यात दिवसातील एक जेवण फळे, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये आणि ओले खोबरे यांचे असते आणि दुसरे जेवण नेहमीसारखे शिजवलेले असते. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या बहुतेकांसाठी दुसरा मार्ग अधिक योग्य आहे असे माझे मत आहे. मात्र पहिल्या मार्गातही खरे गुण आहेत, म्हणून दोन्हींची बाजू नीट पाहूनच निर्णय घ्यावा.

सुरुवातीला वाटणारा हलकेपणा

कच्चा आहार सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात अनेकांना खरोखरच हलके वाटते आणि तो अनुभव खोटा नसतो. बेकरीतील बटर-खारी, तळलेले पदार्थ आणि जेवणावर जेवण घेण्याची सवय एकदम सुटते, पोटात पाणी आणि चोथा जास्त जातो, दुपारच्या भाताच्या मोठ्या राशीनंतर येणारी गुंगी येत नाही. हा लाभ पूर्ण आणि अर्ध्या अशा दोन्ही मार्गांनी मिळतो, कारण त्याचे श्रेय काय सोडले याला अधिक आहे आणि बाकीचे अन्न शिजवले की नाही याला कमी.

फरक दिसू लागतो तो काही आठवड्यांनंतर, आणि त्याचे पहिले कारण साधे उष्मांकांचे गणित हे आहे. 100 ग्रॅम काकडीत सुमारे 15 किलोकॅलरी असतात, हापूसच्या गरात 60 च्या आसपास, केळ्यात 90 च्या आसपास आणि शिजलेल्या भातात सुमारे 130. मध्यम अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे एक जेवण 600 किलोकॅलरींचे धरले, तर ते केवळ काकडीवर भागवण्यासाठी चार किलो काकडी लागेल आणि केवळ आंब्यावर भागवायचे तर एक किलो गर लागेल, ज्यात साखरच 130 ते 140 ग्रॅम होईल. उरतो तो नारळ. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे सुमारे 350 किलोकॅलरी असतात, त्यामुळे कोकणातील पूर्ण कच्चा आहार शेवटी नारळावरच उभा राहतो. परंतु तेवढ्याच खोबऱ्यात 33 ग्रॅमच्या आसपास चरबी असते, तीही बहुतांश संपृक्त (सॅच्युरेटेड), आणि प्रथिने अवघी तीन-साडेतीन ग्रॅम. पोट भरलेले वाटते आणि तरी चढण चढताना पाय गळतात, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

कोकणातील कोणत्या अन्नाला विस्तव लागतो

या प्रदेशातील ताकद देणारे अन्न नजरेसमोर आणले की पूर्ण कच्च्या आहाराची अडचण स्पष्ट होते. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण कच्च्या धान्यातील पिष्ट (स्टार्च) आपल्या पाचकरसांना सहज दाद देत नाही. पाणी आणि उष्णता मिळाल्यावर ते फुगते आणि मगच त्याचे साखरेत रूपांतर सुकर होते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढले, तर खनिजे अडवून धरणारे फायटेट कमी होते हे खरे, पण त्या सत्त्वाची आंबील करण्यासाठी भांडे चुलीवर चढवावेच लागते. कुळथात 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आहेत. कच्च्या कुळथात मात्र प्रथिनांचे पचन रोखणारे घटकही असतात, जे मोड आणल्याने काहीसे कमी होतात आणि नीट शिजवल्यावर बरेचसे निष्क्रिय होतात. कुळीथ भाजून दळलेल्या पिठाची गरम पिठी आजाऱ्यालाही सोसते, ती यामुळेच. सकाळच्या पेजेसाठी वापरला जाणारा उकडा तांदूळ तर टरफलासकट उकडलेला असल्यामुळे त्यातील थायमिनचा (बी-1 जीवनसत्त्वाचा) बराच भाग दाण्याच्या आत मुरतो आणि तांदूळ सडून कोंडा काढल्यावरही टिकतो.

पावसाळ्यातील रानभाज्यांची गोष्ट याहूनही ठळक आहे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ले तर प्रथम जिभेचे टोक चुरचुरते, मग घशात काटे रुतल्यासारखी खाज सुटते आणि कितीही पाणी प्यायले तरी ती लगेच जात नाही. फदफदे करताना चिंच किंवा आमसूल घालून ते भरपूर शिजवण्याची पद्धत या अनुभवातूनच आलेली आहे. शेवळे ही खाजरी रानभाजी तर काकड या रानझाडाच्या आंबट फळांशिवाय कोणी शिजवत नाही. सुरणाचेही तसेच. कच्च्या आहाराच्या पुस्तकी याद्यांत ‘हिरव्या पालेभाज्या भरपूर’ एवढेच लिहिलेले असते. ते वाचून अंगणातील प्रत्येक पान वाटून पिण्याचा मोह टाळावा, एवढे मी कळकळीने सांगेन.

काही पदार्थ कच्चे समजले जातात, पण तसे नसतात. बाजारातील पांढरा काजूगर बी वाफवून किंवा भाजून फोडल्यानंतरच हाती येतो, कारण टरफलातील तेलाने कातडी भाजून निघते. पोहेही टरफलासकटचे भात भिजवून, भाजून आणि मग कांडून होतात. म्हणून पूर्ण कच्चा आहार काटेकोरपणे पाळायचा ठरवला तर दडपे पोहेसुद्धा त्यात बसत नाहीत.

कच्च्याची बाजू जिथे खरोखर भारी आहे

अर्ध्या कच्च्या आहारात मात्र हेच दडपे पोहे फार मोलाचे ठरतात. पातळ पोह्यांवर नारळाचे पाणी शिंपडायचे, खवलेले खोबरे, बारीक चिरलेली काकडी, कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून हाताने कालवायचे आणि वर झाकण व वजन ठेवून थोडा वेळ दडपायचे. फोडणी सोडली तर घरी विस्तवाचा संबंध येत नाही, आणि पिष्ट, स्निग्धांश व क जीवनसत्त्व एकाच ताटात मिळते. त्याला वाटीभर मोडाच्या मुगाची जोड दिली की प्रथिनांचीही सोय होते, कारण 30 ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 7 ग्रॅम प्रथिने असतात.

उष्णतेने सर्वाधिक हानी होते ती क जीवनसत्त्वाची, आणि त्याचा थकव्याशी थेट संबंध आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वनस्पतीजन्य अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व असणे उपयोगी पडते आणि जेवणासोबतचा चहा ते शोषण घटवतो. म्हणजे नाचणीची भाकरी आणि माठाची भाजी शिजवलेली असावी, तिच्या शेजारी लिंबू पिळलेली कच्ची कोशिंबीर किंवा पेरूच्या चार फोडी असाव्यात आणि चहा तासाभराने घ्यावा. शिजवलेले आणि कच्चे एकत्र आले की दोन्हींचा गुण वाढतो. हा लाभ पूर्ण कच्च्या आहारात मिळत नाही. उलट गाजर व लाल भोपळ्यातील बीटा कॅरोटिन (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते) शिजवून, थोड्या तेला-खोबऱ्यासोबत घेतल्यास अधिक शोषले जाते.

दीर्घकाळचे परिणाम

जर्मनीतील गीसन येथील संशोधकांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या 500 हून अधिक स्त्री-पुरुषांची माहिती तपासली होती. त्यांचे वजन बरेच उतरलेले होते आणि 45 वर्षांखालील सुमारे 30 टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः किंवा पूर्ण बंद झाली होती. कच्च्या आहारावरील 201 व्यक्तींच्या 2005 मधील अभ्यासात एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हा रक्तातील चरबीचा प्रकार कमी आढळले, ही त्यातील चांगली बाजू. पण 38 टक्के लोकांत बी-12 ची कमतरता होती. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही आणि ते कमी पडले की थकवा, हातापायांना मुंग्या व विसराळूपणा हळूहळू वाढतो. अर्ध्या कच्च्या आहारात बांगडा, अंडे किंवा दूध यांतून ही गरज भागू शकते. पूर्ण कच्च्या शाकाहारात पूरक गोळीला पर्याय नाही.

आपल्याकडे महात्मा गांधींनी 1929 साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या निष्ठेने केला होता, आणि काही महिन्यांतच आमांशाच्या त्रासामुळे त्यांना तो सोडावा लागला. प्रयोगशील आणि कमालीच्या शिस्तीच्या माणसाच्या वाट्याला जे आले, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ऋतूचा प्रश्न

कोकणात हा निर्णय वर्षभरासाठी एकदाच घेता येत नाही. मार्च ते मे या काळात आंबा, फणसाचे गरे, करवंदे, जांभळे, काजूची बोंडे, शहाळी आणि कोकमाचे सरबत यांमुळे कच्चे जेवण सोपे व रुचकर होते. घामावाटे जाणारे पाणी आणि पोटॅशियमही त्यातून भरून निघते. जून ते सप्टेंबरमध्ये परिस्थिती उलटते. तवसे (मोठी काकडी) आणि केळी मिळतात, पण विहिरीचे पाणी गढूळ होते, पालेभाजीच्या देठांत माती व अळ्या अडकून राहतात, आणि दमट हवेत मोड आलेले मूग एका रात्रीत बुळबुळीत होऊन वास मारू लागतात. विषमज्वर, कावीळ आणि जुलाब यांच्या या दिवसांत कच्चे पान आणि मोड टाळावेत, मोड वाफवून घ्यावेत, आणि कच्चे म्हणून फक्त साल काढता येणारी फळे व उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलेली काकडी खावी. पूर्ण कच्चा आहार घेणाऱ्याला ही सूट घेता येत नाही. माझ्या दृष्टीने किनारपट्टीवर त्याच्याविरुद्ध जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

खर्चाच्या बाजूने विशेष सांगण्यासारखे नाही: परसात नारळ, केळी आणि पपई असेल त्याला दोन्ही मार्ग परवडतात, आणि सगळे विकत घेणाऱ्याला पूर्ण कच्चा आहार महाग पडतो.

सवय कशी लावावी

मार्ग कोणताही असो, सुरुवात एकदम करू नये. पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणाआधी मोठी वाटीभर कोशिंबीर घ्यावी, दुसऱ्या आठवड्यात न्याहारी फळे व खोबऱ्याची करावी, आणि पोट फुगणे थांबल्यावरच एक पूर्ण जेवण कच्चे करावे. चहा अचानक सोडल्यास एक-दोन दिवसांत डोके दुखू लागते आणि ते आठवडाभर राहू शकते. पुष्कळ जण त्यालाच विषारी द्रव्ये बाहेर पडण्याचे लक्षण समजतात. ती केवळ कॅफीन तुटल्याची खूण असते, म्हणून चहा एकेक कप कमी करावा.

त्याआधी हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी करून घ्यावी, कारण थकव्याचे मूळ तिथे असेल तर केवळ ताट बदलून ते जाणार नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते, मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळ्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते, आणि रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये. या सर्वांनी डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढती मुले यांच्यासाठी पूर्ण कच्च्या आहाराचा विचारच करू नये.

निरोगी प्रौढ व्यक्तीला पूर्ण कच्चा आहार करूनच पाहायचा असेल, तर तो मार्च-एप्रिलमध्ये सुरू करावा, बी-12 ची पूरक मात्रा पहिल्या दिवसापासून घ्यावी, दर आठवड्याला वजन करावे आणि पाऊस लागण्यापूर्वी अर्ध्या कच्च्या आहारावर परतावे. मध्येच पाळी लांबली, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, केस मुठीने गळू लागले किंवा ठरवलेले नसताना वजन उतरतच राहिले, तर मेची वाट न पाहता त्याच दिवशी पेज-भात सुरू करावा आणि डॉक्टरांकडे जावे.