घरपट्टी भरणा सेवा : पाचपैकी साडेतीन

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी घरपट्टी मी एप्रिलातच भरतो. ५ टक्के सूट मिळते, आणि जून सरला की दरमहा २ टक्के दंड चढायला लागतो.

भरणा खरंच सुटसुटीत आहे. मालमत्ता क्रमांक टाकायचा, क्षेत्रफळ तपासून आकारणी आपणच करायची, चलन काढून पैसे भरायचे. पावती हातोहात मिळते. खिडकीवरच्या बाई शेजारच्या वयस्कर गृहस्थांना कन्नड अर्ज मराठीतनं समजावत होत्या, "मामा, हितं सही करा बघू." त्यांचं मनापासून कौतुक.

पण चलन फक्त कन्नडात. त्यात करावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय ६, भिक्षुक (भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठीचा) ३, हे ओळखीच्या माणसाकडनं वाचून घ्यावं लागलं. ग्रंथालय आणि भिक्षुक उपकर पालिका नुसता गोळा करते, तो पुढं संबंधित खात्यांना द्यावा लागतो. गटार तुंबली की शिव्या मात्र पालिकेलाच!

७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिले. विषय खाली आले, पैसा आणि माणसं वर राज्याकडेच अडकली. म्हणून स्वतःची वसुली वाढणं गरजेचं आहे, आणि लोक भरतील तेव्हाच, जेव्हा खर्च दिसेल. माझ्या वॉर्डात किती जमले, कशावर गेले, हे विचारल्यावर "नंतर या" एवढंच ऐकलं. दीड गुण त्याचाच कापला. हा हिशोब कन्नड आणि मराठीत फलकावर लावा, पुढच्या एप्रिलात उरलेला दीड गुण आनंदानं देईन.