केळीचं विंटर जॅकेट: तीन हिवाळ्यांनंतरचा रिव्ह्यू (३/५)

हिवाळ्यात केळीच्या झाडावर चढवायच्या कापडी पिशवीचा हा रिव्ह्यू. आधी ५ स्टार दिले होते, मग दुसऱ्या वर्षी चिडून १ केला, आता तिसरा हिवाळा काढून ३ वर आणलंय. घाईत असाल तर एवढंच वाचा: मुसा बासजू (शोभेची केळ) असेल आणि वरून छप्पर करायची तयारी असेल तर घ्या, लाल पानांची केळ असेल तर पैसे वाया घालवू नका. बाकी ज्यांना वेळ आहे त्यांनी चहा घेऊन बसा.

मी राहते इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आणि माहेर रावेर तालुक्यात, म्हणजे जिकडे बघाल तिकडे केळी. त्यामुळे इकडे घर घेतल्यावर बागेत पहिलं झाड कुठलं लावलं असेल ते सांगायला नको. फळ येणार नाही हे माहीत होतं, बासजू ही शोभेचीच केळ, मूळची चीनची पण जपानमार्गे सगळीकडे गेली म्हणून नाव जपानी. मला हवी होती पानं. गणपतीत नैवेद्याला ताजं पान, बस्स. इंडियन दुकानात मिळतात ती फ्रोझन, उलगडली की घडीवर चिरतात आणि मग त्यावर मोदक ठेवायचे म्हणजे मोदकांचाच अपमान.

आता प्रॉडक्टबद्दल. ऑनलाइन घेतलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ३४ पाउंड. दुकानाचं नाव देत नाही कारण अगदी असलीच पिशवी दहा जण दहा नावांनी विकतायत. बॉक्समध्ये काय येतं तर पांढऱ्या फ्लीसची २ मीटर उंच पिशवी, पुढे झिप, खाली-वर ओढायची नाडी, जमिनीत ठोकायच्या चार खुंट्या आणि बुंध्याभोवती टाकायला काथ्याची एक गोल चकती. बॉक्सवर फोटोत पाम, ऑलिव्ह, केळ सगळे ते घालून शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भुतांसारखे उभे. आणि मोठ्या अक्षरात, सगळ्या केळींसाठी, उणे १० पर्यंत.

पिशवी हातात घेतली आणि हसूच आलं. हे कापड मी लहानपणापासून बघतेय! आमच्याकडे घडाला जी स्कर्टिंग बॅग घालतात ना, तेच, न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, फक्त इथलं जाड आहे. व्हिडिओ कॉलवर अप्पांना दाखवलं तर म्हणाले, "अगं पोरी, आम्ही घडाला घालतो, तू अख्ख्या झाडालाच झबलं शिवलंस की. आणि घड तर येतच नाही म्हणतेस!" तेव्हापासून माझ्या केळीचं आमच्या घरात नाव झबलेवाली.

पण अप्पांनी एक प्रश्न बरोबर विचारला होता, ह्याने थंडी जाते कशी? रावेरला थंडी १०-१२ च्या खाली गेली की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, मग शेतकरी रात्री पाणी सोडतात, बांधावर धूर करतात. म्हणजे बाहेरून काहीतरी ऊब आणतात. जॅकेट ऊब आणत नाही. आपण स्वेटर घालतो तेव्हा गरम वाटतं कारण अंग आपलं गरम असतं, केळीचं अंग कुठे गरम असतं? ऊब येते ती जमिनीतून, रात्री हळूहळू वर, आणि खोडात भरलेल्या पाण्यात दिवसभराची थोडी साठलेली असते, कापड फक्त तिला निसटायला उशीर लावतं. ती काथ्याची चकती म्हणूनच मला चेष्टा वाटते, बोटभर जाडीची. बुंध्याभोवती वीतभर तरी सुक्या पानांचा थर हवा, जमिनीची ऊब तिथेच धरायची असते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. बासजू जगावी म्हणून जॅकेट लागतच नाही. कंद जमिनीत असतो, वर जाड थर टाकला तर तो उणे १० च्या आसपासची थंडी काढतो, खोड गेलं तरी मे महिन्यात पील, म्हणजे कंदातून नवे कोंब, फुटतातच. जॅकेट कशाला, तर उंची टिकवायला. केळीचं खोड म्हणजे खरं खोड नव्हेच, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले, आणि नवा पोगा, म्हणजे न उलगडलेलं पान, खालून त्याच नळीतून वर येतो. नळी उभी राहिली तर पुढच्या वर्षी पान डोक्याच्या वरून निघतं आणि मोठं निघतं. नळी गेली तर सगळं शून्यापासून, आणि इथला उन्हाळा तो केवढासा. गणपतीपर्यंत ताटभर पान मिळेल का ह्याचा निकाल आदल्या डिसेंबरातच लागतो. हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही आणि खरं तर तेवढंच लिहायला हवं होतं.

पहिला हिवाळा. डिसेंबर २०२२ आठवत असेल, इकडे महिन्याच्या मध्याला आठवडाभर गोठवून टाकलं होतं, लंडनला बर्फ पडला, माझ्या बागेतल्या थर्मामीटरवर एका पहाटे उणे ८ बघितलं. मी घाबरून जुनी चादर पण गुंडाळली. एप्रिलमध्ये झिप उघडली तर खोड दीड मीटरपर्यंत टणक, वरचं थोडं काळं, कापलं की आत पांढरा गर. ५ स्टार तेव्हाचे. २०२३ चे गणपती १९ सप्टेंबरला होते, सहा पानं काढली, शेजारच्या मराठी घरांत पण वाटली, भाव खाल्ला.

दुसरा हिवाळा. थंडी अशी नव्हतीच. पाऊस होता. ऑक्टोबरपासून एकामागून एक वादळं, बाबेट, किअरन, आणि २ जानेवारी २०२४ ला हेंक, तेव्हा तर मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, नद्या घरात आल्या. मी निवांत, जॅकेट आहे ना! नोव्हेंबरात झिप लावली ती थेट मार्चमध्ये उघडली. वास आधी आला. आपल्याकडे पाणी साचलेल्या बागेत खोड सडतं तेव्हा येतो तोच आंबूस वास, विमान तिकिटाविना रावेरला पोचले. नाडी ओढली तरी वर मुठीएवढं भोक राहतं, त्यातून पाऊस सरळ कापलेल्या देठांमध्ये, तिथून नळीत खाली. शिवाय भिजलेलं फ्लीस वाळत नाही, आत दमट, बुरशीची राखाडी लव. सुरीने वरून चकत्या काढत गेले, तपकिरी, तपकिरी, तपकिरी, पांढरं लागलं तेव्हा जमिनीपासून वीतभर उरलं होतं. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती आले आणि केळ कमरेएवढी, पानं वहीच्या कागदाएवढी. परत फ्रोझन पाकीट. १ स्टार त्या रागातला.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की कापड श्वास घेणारं आहे म्हणून पाण्याने नुकसान होऊच शकत नाही. अहो, श्वास घेणारं आहे म्हणूनच तर पाणी आत येतं! पुढे १० टक्के कूपन. वापरलं नाही. (बरं, वापरलं, हातमोजे घेतले.)

तिसऱ्या वेळी मी पिशवीला मुख्य हिरोइन न ठेवता साइड रोल दिला. पहिलं दव गोठून पानं काळी पडेपर्यंत थांबले, तोपर्यंत झाड कामच करत असतं, लवकर झाकून उपयोग नाही. मग पानं देठापाशी कापली, खोड तसंच. चार बांबू, त्याभोवती कोंबड्यांची जाळी, आणि जाळी व खोडाच्या मधे गव्हाच्या काड्यांचा पेंढा ठासून, सशांच्या खाण्याच्या दुकानात ७ पाउंडाला गाठोडं मिळतं. हिरवट सुकं गवत देतात ते घेऊ नका, ओल धरतं आणि आतलं बी उगवतं. सगळ्यात वर जुनी प्लास्टिकची बादली उलटी, बाजूने वारा जाईल अशी. ह्या सगळ्यावरून जॅकेट, म्हणजे वाऱ्यात पेंढा उडू नये म्हणून कव्हर. फेब्रुवारीत उबदार दुपार असली की झिप उघडून हवा द्यायची. ह्यात गोगलगायींना फुकट हॉटेल मिळतं हे मान्य, एप्रिलमध्ये पेंढा काढताना चाळीसेक निघाल्या, मुलगा मोजत होता.

निकाल, खोड पूर्ण उंचीचं वाचलं. वरून २०२५ चा उन्हाळा ब्रिटनच्या नोंदींतला सगळ्यात गरम उन्हाळा ठरला, तेव्हा सगळं क्रेडिट माझ्या बादलीला देत नाही. पण गणपती लवकर, २७ ऑगस्टला, तरीही माझ्यापेक्षा लांब पानं. वाऱ्याने चिरलेली होती बरीच, बासजूचं पान पातळच, आडोशाची दोन अखंड मिळाली, एक बाप्पाला, एक गौरीला. अप्पांनी कॅमेरा खोडाकडे न्यायला सांगितला, दोनदा वरून खाली बघितलं आणि म्हणाले बादलीला रंग दे जरा.

आता लाल केळीबद्दल, कारण "सगळ्या केळींसाठी" ही बॉक्सवरची ओळ मला खरोखर महाग पडली. पहिल्याच वर्षी मी एक एन्सेटे मौरेली पण आणली होती, ती गडद लाल पानांची देखणी, २५ पाउंड, तिलाही असलंच जॅकेट. त्या डिसेंबरात ती जॅकेटच्या आत उभ्या उभ्या शिजल्यासारखी झाली. मुळात ती मुसा, म्हणजे नेहमीच्या केळींच्या गटातली, नाहीच, इथिओपियातल्या एन्सेटेची जात, तिकडे दोनेक कोटी लोक तिचा कंद नि खोड आंबवून खातात. उंच डोंगराळ भागातली, गारवा चालतो पण गोठणं नाही, आणि तिला पील फुटत नाहीत, गेली की गेली.

गंमत म्हणजे तिची सख्खी बहीण आपल्याकडे आहे, सह्याद्रीतली रानकेळ. कड्याच्या खाचेत असते ती, पावसाळ्यात झक्क पानं, पाऊस सरला की पानं गळतात आणि कंद तिथेच कोरड्यात जून उजाडायची वाट बघत बसतो. मग डोक्यात प्रकाश पडला की मौरेलीला सुद्धा जॅकेट नको, कोरडी झोप हवी. दुसरी आणली तिला ऑक्टोबर अखेर उपटते, पोगा सोडून सगळी पानं छाटते, आठवडाभर गॅरेजमध्ये उलटी ठेवते, नळीतलं पाणी गळतं, विश्वास बसणार नाही एवढं गळतं, खाली टब ठेवा. मग सरळ करून कुंडीत नुसती उभी, भोवती कोरडी माती, गॅरेज ५-८ डिग्री, मार्चपर्यंत पाण्याचा थेंब नाही. ह्याचा खर्च शून्य पाउंड. दोन हिवाळे काढलेत तिने असे.

किटमधलं चांगलं काय, तर कापड खरंच टिकाऊ, तीन वर्षांत कुठे फाटलं नाही, ३० वर धुतलं तरी तसंच. झिप भिकार, दुसऱ्या वर्षीच दात सुटले, मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावते. खुंट्या वाऱ्यात उपटतात, विटा ठेवा. ३४ ला जास्तच आहे, फ्लीसचा गुंडाळा, दोरी आणि विटा मिळून निम्म्यात काम होतं, पण दरवर्षी शिवत-गुंडाळत बसायचा कंटाळा असेल तर पिशवी सोयीची, पाच मिनिटांत चढते.

आणि मापाचं सांगायचं राहिलं. मागवताना झाड पानांसकट मोजू नका, पानं कापायचीच आहेत, फक्त खोड मोजा आणि वर बादलीपुरती जागा धरा. मी पानांसकट मोजून मोठ्यातली मोठी घेतली, आता उरलेलं कापड रात्रभर वाऱ्यात फडफडतं आणि समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला दोनदा विचारलंय की हॅलोवीन संपला ना गं?