नऊ वर्षं जावा, आठ महिने पायथन

नऊ वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करून मी पायथन या दुसऱ्या भाषेकडे वळलो. पहिले दोन महिने आपण पायथन लिहितोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ती सेमीकोलन काढलेली जावाच होती. दर क्लासला वेगळी फाइल, दर फील्डला गेटर-सेटर (म्हणजे त्यातली किंमत वाचायला एक मेथड आणि बदलायला दुसरी), आणि एका स्टॅटिक मेथडसाठी अख्खा 'युटिल' क्लास. टीममधल्या एका ज्युनिअर पोरीने रिव्ह्यूत लिहिलं, "सर, हा क्लास कशाला? नुसतं फंक्शन पुरे की." लागलं थोडं.

गेटर-सेटर मात्र सुटता सुटेनात. उद्या व्हॅलिडेशन, म्हणजे आत येणाऱ्या किमतीची तपासणी, घालायचं झालं तर? जावात ही भीती खरी आहे. पब्लिक फील्ड एकदा चार ठिकाणी वापरात गेलं की मागे घेणं जिवावर येतं. पायथनमध्ये आज साधं 'ऑर्डर डॉट टोटल' ठेवायचं आणि गरज पडली की त्याच नावाची मेथड लिहून तिच्यावर प्रॉपर्टी डेकोरेटर चढवायचा, म्हणजे ती मेथड बाहेरून साध्या फील्डसारखीच वापरता येते. वापरणाऱ्यांची एक ओळ बदलत नाही. हे डोक्यात बसल्यावर माझी 140 ओळींची एक फाइल डेटाक्लास (फील्डची यादी दिली की कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणारी मेथड, आपोआप देणारी सोय) वापरून 18 ओळींवर आली. पायथन 3.7 पासून, म्हणजे 2018 पासून, ही सोय आहे आणि मी हाताने कन्स्ट्रक्टर लिहीत बसलो होतो!

सगळ्यात महागात पडलं ते डिफॉल्ट आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला काही दिलं नाही तर ते आपणहून धरतं ती किंमत. मी तिथे चुका गोळा करायला रिकामी लिस्ट दिली होती. दर कॉलला नवी मिळेल हा जावातला समज. पायथन ती फंक्शन डिफाइन होतानाच एकदा बनवतो आणि पुढे तीच वापरतो. झालं, एका ग्राहकाच्या चुका दुसऱ्याच्या रिपोर्टात. टेस्ट एकेक चालवल्या की हिरव्या, एकत्र चालवल्या की लाल. दीड दिवस मी कॅशला, म्हणजे डेटाच्या तात्पुरत्या साठ्याला, शिव्या घातल्या. आता डिफॉल्ट 'नन', म्हणजे जावातला आपला नल ('काहीच नाही'), आणि लिस्ट आत बनवायची.

लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची, म्हणजे अख्खा लूप एका ओळीत लिहून लिस्ट बनवण्याची, चटक लागली तेव्हा एकात एक तीन फॉर घालून एक ओळ लिहिली. त्याच पोरीने परत पाठवली: "सर, साधा लूप लिहा." बरोबरच होतं तिचं.

खटकतं ते एकच. जावात मेथडचं नाव बदललं आणि कंपाइल झालं की निर्धास्त झोपायचो. इथे टाइप हिंट (कुठे कोणत्या प्रकारचा डेटा येणार याच्या नोंदी) दिल्या तरी चालताना पायथन त्या तपासत नाही. शेवटी सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये, मायपाय हे टाइप हिंट तपासणारं टूल बसवलं. पहिल्याच रनला 212 तक्रारी आल्या, निम्म्याहून जास्त माझ्याच पहिल्या दोन महिन्यांतल्या फाइलींच्या. अजून 60 उरल्यात.