रिग्बी, रानडुक्कर आणि माझे एक लाख पंच्याऐंशी हजार

आजोबांची ठासणीची बंदूक मी पाहिलेली नाही. दापोलीकडच्या हाक्याच्या, म्हणजे गलका करून जनावर हुसकवून केलेल्या शिकारीच्या गोष्टी मात्र आमच्या दादरच्या दोन खोल्यांत रोज रात्री व्हायच्या. रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसून भेकराची वाट बघणं, हाकेकऱ्यांचा गलका, डुकराच्या वाट्यावरून झालेली भांडणं. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे तो विषय संपला, आणि बरंच झालं. पण डोक्यातला किडा काही मेला नाही.

तो किडा एका माणसाने बरोबर हेरला. एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेला. "साहेब, न्यूझीलंडला शिकार कायदेशीर आहे." हे खरं आहे, आणि मी फसलो तो इथेच. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरणं आणि डुकरं गोऱ्यांनी नेऊन सोडली, ती वाढली, जंगल खाऊ लागली, त्यामुळे ती मारायला तिथे कुणाची ना नाही. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो आणि त्याचं बोलणं पटत गेलं.

मग त्याने रायफलीचा फोटो पाठवला. जुनी माउजर बनावटीची .275 रिग्बी. "कॉर्बेटसाहेबांकडे हीच होती." होतीच, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 साली शिकारी जिम कॉर्बेट यांना ती भेट मिळाली होती. अक्रोडाचा दस्ता, त्यावर हाताने घासून आलेली चकाकी. आणि शेजारी कापडावर मांडलेली बारा काडतुसं, तिकडच्या यजमानाने म्हणे स्वतः हाताने दारू-गोळी घालून भरलेली. मी तो फोटो ऑफिसात चार जणांना दाखवला.

शिकारीच्या सहलीचे सव्वा लाख, सरकारी परमिटचे 42,000, काडतुसांचे 18,000. सगळं यूपीआयने, तीन वेगवेगळ्या नावांवर. तीन नावं का, हे मी विचारलंच नाही. बायकोने विचारलं होतं.

शंका आली ती त्याच्या एका वाक्याने. "चार काडतुसं इथेच देतो, चेक-इन बॅगेत टाका, काही होत नाही." अहो, विमानतळावर बॅगेत एक जरी काडतूस सापडलं आणि परवाना नसेल, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. सहल राहिली बाजूला, थेट कोठडी! तेव्हा कुठे मी फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात तो फोटो घेऊन गेलो.

दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाशी धरला आणि रायफल सोडून काडतुसांच्या बुडाकडे बघत राहिले. "ही कड बघा, बाहेर आलीय. ही रिमवाली. मधोमध मोडणाऱ्या रायफलीत चालतात. माउजरच्या मॅगझिनला बुडाशी सपाट लागतात." मग हसून म्हणाले, "आणि जो स्वतः भरतो ना, तो आपल्या रायफलीपुरतं भरतो. अनोळखी माणसाला विकत नाही."

बाकीचं घरी बसून कळलं, जे आधीच बघायला हवं होतं. तिथे सरकारी संवर्धन खात्याच्या जमिनीवर हौशी शिकाऱ्याला परमिट फुकट मिळतं. बंदूक वापरायचा पाहुण्याचा परवाना ज्याचा त्याने, स्वतःच्या पासपोर्टवर मागायचा असतो. मी तर कुठेच सही केली नव्हती. आणि त्या माणसाने पाठवलेल्या सहलीच्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं, "ऑक्टोबरात नर हरणांचा माज, डरकाळ्या ऐका." ऑक्टोबर युरोपातला. दक्षिण गोलार्धात तो माज मार्च-एप्रिलला येतो. भामट्याने स्कॉटलंडचं पान उचलून न्यूझीलंडला चिकटवलं होतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा शेवटचा हप्ता जाऊन अकरा दिवस झाले होते. लाज वाटत होती म्हणून गेले ते अकरा दिवस. त्यात पैसे दोन खात्यांतून पुढे सरकले. तिसऱ्यातले 22,000 तेवढे गोठले आहेत, बाकीच्यांची आशा पोलिसांनीच सोडायला सांगितली. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच तासाला फोन करा, घरचे हसले तर हसू देत.

माझी आणखी एक चूक. रागाच्या भरात मी त्याला लांबलचक मेसेज लिहून त्याच्या सगळ्या चुका काढून दाखवल्या. परवा ठाण्याच्या एका मित्राला तीच पीडीएफ आली. त्यात आता एप्रिल छापलंय. काडतुसांचा फोटो मात्र तोच आहे, निळ्या कापडावर बारा, कड बाहेर आलेली.