ग्रीक भाला, आठ महिन्यांनंतर: शेंबीवर पैसे वाचवू नका

मे महिन्यात घेतलेल्या डोरीची, म्हणजे प्राचीन ग्रीक पायदळाच्या लांब भाल्याची, शेंबी (मागच्या टोकाला बसवलेली धातूची टोकदार टोपी) डिसेंबरात गंजून दांड्यातून निसटली, म्हणून हे लिहितो आहे. न्यू जर्सीत आमचा होप्लाइट (ढाल-भाला घेऊन लढणारा ग्रीक पायदळ सैनिक) सरावाचा छोटा गट आहे, दर शनिवारी हाच भाला हातात असतो. लांबी 2.40 मीटर, अ‍ॅश लाकडाचा 25 मिमी जाड दांडा, पानाच्या आकाराचं लोखंडी पातं. पात्याबद्दल तक्रार नाही. सगळं भांडण शेंबीचं, जिला ग्रीक सौरोटेर म्हणत.

दोन महिन्यांनी मी लिहिलं होतं, ‘भाला उत्तम, फक्त हात भरून येतो.’ ते मत मागे घेतो. दोष माझ्या खांद्याचा नव्हता. भाला बोटावर तोलून पाहिला, तर तोल मागच्या टोकापासून 1.26 मीटरवर, म्हणजे मध्याच्याही पुढे! डाव्या हातात ढाल, भाला एकट्या उजव्या हातात; अशा वेळी टोक सारखं खाली झुकतं आणि मनगट त्याला उचलत राहतं. कारण साधं आहे: दांडा दोन्ही टोकांना सारखाच जाड, आणि शेंबी पोकळ पत्र्याची, जेमतेम 120 ग्रॅमची.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘शेंबी शोभेची असते.’ याचा मला खरंच राग आला. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इ. स. पू. 500 च्या सुमाराची ब्राँझची शेंबी आहे, हेरिया या ग्रीक नगरीच्या लोकांनी टिंडारिडांना, म्हणजे कॅस्टर आणि पॉलिड्युसीस या ग्रीक पुराणातल्या जुळ्यांना, वाहिलेली. तसं तिच्यावर कोरलेलंच आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तर स्पष्ट सांगतो की रोमन घोडेस्वारांच्या जुन्या भाल्यांना शेंबी नसे, म्हणून पातं मोडलं की भाला निकामी होई; ग्रीक घडणीचा भाला उलटा धरून लढता येई. शिवाय भाला जमिनीत रोवला की ओल लागते ती शेंबीला. ब्राँझ लोखंडासारखं गंजत नाही. माझी शेंबी सात महिन्यांत गेली.

पैसे परत मिळाले नाहीत. नवा भाला घेणं परवडत नव्हतं, म्हणून दोन रविवार रंधा मारून दांडा पात्याकडे निमुळता केला, अळशीचं तेल दिलं आणि 450 ग्रॅमची भरीव ब्राँझची शेंबी ओतून घेतली. 85 डॉलर गेले. भाला एकूण जड झाला, पण हाताला हलका लागतो. तोल आता मागून 91 सेंमीवर आहे. भाला तोलावरच धरायचा, म्हणून मुठीपुढे 35 सेंमी जास्त भाला मिळाला, तोही लांबी न वाढवता. थर्मोपिलीच्या लढाईत पर्शियनांचे भाले ग्रीकांपेक्षा आखूड होते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. ढालींच्या रांगेत उभं राहून समोरच्यावर टोक रोखलं की वीतभर अंतराचंही मोल कळतं.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याला दोनच आकडे विचारावेत: शेंबीचं वजन, आणि मागच्या टोकापासून तोल किती सेंमीवर. मी दोन्ही विचारले होते, पण पैसे भरून झाल्यावर.